बाजाराची वाट बघू नको

दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्या फ्लॅटवर मी दोन्ही हातांत बॅगा घेऊन पोहोचलो, तेव्हा दार उघडणाऱ्या माणसाने नाव विचारलं नाही, आत ये असंही म्हटलं नाही. पुढे होऊन अंगठ्याने माझ्या उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढली, हनुवटी धरून तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं आणि निकाल दिला, "फिक्कं आहे. पालेभाजी खात नाहीस." मग डावी पापणी ओढली. "इकडूनही खात नाहीस."

मागून आवाज आला, "येऊ द्या की वो काका त्याला आत. बॅगा जड असत्याल." हा सुभाष. बीडकडचा, कंपनीची बस चालवायचा. फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. सुभाषकडे एक खोली, मला दुसरी, आणि काका स्वयंपाकघराला लागून असलेल्या मोलकरणीच्या चिमुकल्या खोलीत. मोठी खोली रिकामी असतानासुद्धा त्यांनी ती चिमुकली निवडली होती, कारण तिला खिडकी नव्हती. खिडकी नसलेली खोली माणूस आपणहून का घेतो, ते मला पहिल्या शुक्रवारी कळलं.

काकांचं वय पन्नाशीच्या पुढे. ठेंगणे, सावळे, केस अजून काळेभोर. जव्हारच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका पाड्यावरचे, वारली. अल रय्यानमधल्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ते काचा घासायचे आणि फ्रेममध्ये बसवायचे. डोळे तपासणारा वेगळा होता, विकणारे वेगळे. पण एक म्हातारे कतारी गृहस्थ चष्मा सैल झाला की सरळ आतल्या खोलीत जाऊन अरबीत "या डॉक्टर!", म्हणजे "अहो डॉक्टर!", अशी हाक मारायचे. काका दर वेळी हात जोडून सांगायचे, "ला, ला. डॉक्टर नाही, बाबा. कारागीर." ते पुढच्या वेळी पुन्हा डॉक्टरच म्हणायचे.

स्वतः काका चष्मा लावायचे, पण त्याला नंबर नव्हता. साधी काच. मी विचारलं तर म्हणाले, "चष्म्याच्या दुकानातला माणूस उघड्या डोळ्यांनी बसला तर बरं दिसत नाही. हॉटेलवाल्याने घरून डबा आणल्यासारखं वाटतं." सुट्टीच्या दिवशी घरीसुद्धा लावायचे. सवय राहावी म्हणून.

बाथरूमच्या दारासमोर, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, त्यांनी एक तक्ता चिकटवला होता. त्यावर इंग्रजी ई हे अक्षर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून लहान लहान होत गेलेलं. आंघोळीला जाणाऱ्याने एकेक डोळा झाकून ई कुठे तोंड करून आहे ते हाताने दाखवायचं आणि मगच आत जायचं. मी पहिले काही दिवस वैतागलो. सुभाषने तर तक्ता पाठ करून टाकला होता. डावा डोळा उघडा असला की तो जरा जास्तच पटापट हात हलवतो, हे काकांनी हेरलं आणि एका सकाळी तक्ता उलटा लावला. सुभाष पहिल्याच ओळीला अडकला.

"आवो, म्या रोज अल खोरला बस हाणतो. मला दिसंना व्हय?"

"एकाच डोल्यानं हाणतोस," काका म्हणाले. चिडले किंवा घाबरले की त्यांच्या बोलण्यातला ळ निघून जायचा.

सुभाष हादरला. बस हातातून जाईल, परत पाठवतील, असं त्याच्या मनात आलं असणार. दोन दिवस तो काकांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी काका त्याचा हात धरून त्याला दुकानात घेऊन गेले, तपासायला बसवलं आणि काचा स्वतः घासल्या. पुढच्या पाळीला अल खोरच्या रस्त्यावरून सुभाषचा फोन आला. बस थांबवून केला होता. "काका, पलीकडच्या रस्त्यावरची पाटी बी वाचाय येतीया की वो!" काकांनी फक्त "बघ हां रस्ता" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मग बराच वेळ ते ओट्यापाशी उभं राहून काहीही न करता हसत होते.

हा माणूस दर शुक्रवारी सकाळी रेडिओसाठी बोलायचा. दोह्यातल्या नव्हे, जव्हारकडच्या. तिकडे एक लहानसं सामुदायिक रेडिओ केंद्र होतं. दोन खोल्या, एक मनोरा आणि आसपासच्या पाड्यांपुरती पोहोच. ते चालवणारी मंगल काकांच्या ओळखीची. काका आपल्या बोलीत दहा मिनिटं डोळ्यांबद्दल बोलून फोनवर रेकॉर्ड करायचे, मंगलला पाठवायचे, आणि ती ते बाजाराच्या आदल्या दिवशी लावायची. चुलीचा धूर, डोळ्यात गेलेलं भाताचं कुसळ, डोळ्यात घालू नयेत असे चीक आणि रस, लहान पोरांना द्यायचा शेवगा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मोतीबिंदू.

बिनखिडकीची खोली यासाठी. शुक्रवारी सकाळी बिल्डिंग शांत असते. काका आधी एसी बंद करायचे, मग फ्रिज, मग आमचे फोन. अंगावर गादीवरची जाड दुलई ओढून, आत बॅटरी आणि फोन घेऊन बसायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत दुलई. दहा मिनिटांनी बाहेर यायचे ते निथळत. एकदा फ्रिज परत सुरू करायला विसरले आणि सुभाषने हौसेने आणलेला हामूर वाया गेला. सुभाष ओरडला. काका शांतपणे म्हणाले, "मासा मेलेलाच होता."

दुलईच्या आत ते कुणाशी बोलतात हे मला हळूहळू समजलं. सोमीशी. ही त्यांच्या शेजारच्या पाड्यावरची साठीची बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला साफ नकार. मंगल तिच्याकडे गेली की ती मंगलच्या फोनवरून काकांना शिव्या पाठवायची. "तू वालूत बसून आम्हाला डोला कापून घ्यायला सांगतोस! ये आन् दाखव तुझा कापलेला!" काका ते दोनदा ऐकायचे आणि पुढच्या शुक्रवारी सुरुवातच करायचे, "सोमे, ऐकतेस ना?" दोन वर्षं हे चाललं होतं. सगळ्या पाड्यांवर लोक सोमीच्या शिव्यांना काका या वेळी काय उत्तर देतात ते ऐकायला रेडिओ लावत होते.

मोतीबिंदूला काका मोतीबिंदू म्हणत नसत. साय म्हणत. डोळ्यावर साय धरली. का, ते त्यांनी मला एकदा काचा पुसता पुसता सांगितलं.

"माझी आई नऊ वर्षं आंधळी होती. नऊ. आमच्याकडे जीप यायची, वर भोंगा. आतला माणूस मराठीत ओरडायचा, मोतीबिंदूचं मोफत ऑपरेशन, मोतीबिंदूचं शिबिर. आई आम्हाला म्हणायची, मोती विकणारे आले, दार लावा, आपल्याला काय करायचेत मोती."

मी हसलो. तेही हसले.

"मी तेव्हा नाशकात, काचा घासायला शिकत होतो. सुट्टीत घरी गेलो तेव्हा तिच्या डोळ्यात बघितलं आणि म्हटलं, आये, साय आली आहे, काढून टाकू. साय म्हटल्यावर लगेच तयार झाली. पट्टी काढली त्या दिवशी मला म्हणाली, जा, त्या आंब्याच्या झाडापर्यंत जा आणि परत ये. गेलो, आलो. म्हणाली, परत जा. बत्तीस वर्षांचा बाप्या मी, तिनं मला चार वेळा चालायला लावलं."

ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असूनही पुढचं माझ्या हातून झालं, म्हणून ती इथे सांगितली.

आता माझ्याबद्दल. मी सांगलीचा. शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेला. तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून दोह्यात आलो. इथल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमांत थोड्याच दिवसांत निवेदन माझ्याकडे आलं. माझा आवाज चांगला आहे, हे मला लोकांनी सांगितलं होतं आणि मी ते कधी विसरत नसे.

एकदा महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात, 'आपल्यातली माणसं' अशा काहीतरी नावाच्या भागात, मी काकांच्या रेकॉर्डिंगचा एक तुकडा ऐकवायचं ठरवलं. चांगल्या हेतूने, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्या तुकड्यात काकांनी उजवा डोळा आणि डावा डोळा यांचं भांडण केलं होतं. दोन आवाज काढून. उजवा म्हणतो, मी सगळं बघतो आणि तू नुसता बसून खातोस. डावा म्हणतो, मला साय आली आहे, मला दवाखान्यात ने. सभागृहात हशा पिकला. पिकायलाच हवा होता, ते विनोदीच होतं. पण लोक भांडणाला कमी आणि शब्दांना जास्त हसत होते. 'डोला' आलं की हशा. 'हेर' आलं की हशा. हेर म्हणजे बघ. मागून कुणीतरी ते म्हणून दाखवलं. मी माइकजवळ होतो. सभागृह हातात आल्यासारखं वाटत होतं. मी म्हणालो, "मंडळी, घाबरू नका, हे मराठीच आहे बरं का!"

सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला.

काका तिसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चष्मा काढला, साध्या काचांचा तो चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. परतताना गाडीत सुभाषने आरसा माझ्यावरून दुसरीकडे वळवला. काकाच म्हणाले, "तुझा आवाज खरंच स्वच्छ आहे. शेवटच्या रांगेपर्यंत जातो." मी ते कौतुक म्हणून घेतलं. आजही मला वाटतं, ते कौतुकच होतं. म्हणून जास्त लागतं.

पुढच्या हिवाळ्यात सोमीने हो म्हटलं. मंगलने तिचा निरोप पाठवला. "कापा एकदाचा. तुझी बडबड तरी थांबेल." काकांनी तो निरोप सुभाषला ऐकवला, मला ऐकवला, खालच्या बकाल्यातल्या मल्याळी किराणा दुकानदाराला ऐकवला, ज्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तोही म्हणाला, "माशाल्ला, माशाल्ला."

शिबिर ठरलं. पाड्यांवरच्या बऱ्याच जणांची एकाच वेळी ऑपरेशनं होणार होती. ऑपरेशननंतर घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची, यावर काकांनी त्या आठवड्याचं बोलणं करायचं होतं. त्याच सुमारास मंगलचा निरोप आला की दवाखान्यातल्या डॉक्टरांना हेच मराठीतही हवं आहे, आजूबाजूच्या गावांसाठी. जमेल का?

मी लगेच म्हटलं, "मी करतो."

काकांचं रेकॉर्डिंग चौदा मिनिटांचं झालं होतं. वेळ दहाची. मी ते त्यांच्याकडून वाक्यावाक्याने समजून घेतलं आणि कागदावर उतरवलं. त्यात तीन-साडेतीन मिनिटं एकच गोष्ट होती. डोळा लाल झाला, ठणकायला लागला, दिसायचं कमी झालं, तर बाजाराची वाट बघू नको. त्या पाड्यांवर जीप फक्त बुधवारी, बाजाराच्या दिवशी येते. दुखलं-खुपलं की लोक बुधवारपर्यंत थांबतात, हे काकांना ठाऊक होतं. म्हणून ते एकदा म्हातारीच्या आवाजात, एकदा तिच्या सुनेच्या आवाजात, एकदा स्वतःच्या आवाजात, फिरून फिरून तेच सांगत होते. बुधवारची वाट बघू नको. डोक्यावर पदर घे, फाट्यापर्यंत चालत ये, मंगलला फोन लाव, ती गाडी पाठवेल. बाजार परत येतो, डोळा येत नाही.

मला ते पाल्हाळ वाटलं. एकच मुद्दा पाच वेळा! मी त्याचं एक वाक्य केलं. ते मला अजून तोंडपाठ आहे. 'शस्त्रक्रियेनंतर नेत्रांत लालसरपणा अथवा वेदना जाणवल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञांशी संपर्क साधावा.' माझ्या आवाजात ते सुरेख वाटत होतं.

"दोन्ही कशाला पाठवायची?" मी काकांना म्हटलं. "तेच ते दोनदा ऐकून लोक कंटाळतील. तुमचंच आहे सगळं. मी फक्त नीट केलंय."

काका घोटाळले. "सोमीला समजेल ना?"

"काका, मराठी तर सगळ्यांना समजतं हो."

"बाजाराचं ठेवलंस ना?"

"आशय सगळा आहे," मी म्हणालो.

आशय या शब्दाचा अर्थ त्यांना कळला नसावा. मान हलवली. मी माझ्या फोनवरून रेकॉर्डिंग मंगलला पाठवलं. काकांचं गेलंच नाही.

साधारण तीन आठवड्यांनी, मी ऑफिसात असताना, मंगलचा आवाजी निरोप आला. माझ्या फोनवर, कारण रेकॉर्डिंग माझ्या फोनवरून गेलं होतं. तिचा आवाज सपाट होता.

"सर, सोमीबाईचा डोळा गेला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. घरी गेल्यावर गुरुवारी लाल झाला. ती बुधवारच्या गाडीसाठी थांबली. सहा दिवस. तोवर आत पू झाला. डॉक्टर म्हणाले, आधी आली असती तर कदाचित वाचला असता. मी तिला विचारलं, बाई, रेडिओ ऐकला नाही का? तर म्हणाली, ऐकला ना, कुणी साहेब बोलत होता, छान बोलत होता, पण आमच्यातला नव्हता. म्हणून बकऱ्या बघायला गेले. काकांना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही."

मी ते एकदा ऐकलं. मग डिलीट केलं.

डॉक्टरांच्या त्या 'कदाचित'ला मी धरून बसलो. कदाचित वाचलाही नसता. दवाखान्यातही तिला सांगितलं असेलच की. कागद दिला असेल. घरच्यांनी बघायला नको? मी स्वतःला रोज नवीन काहीतरी सांगत होतो. मंगलला कळवलं, 'सांगतो काकांना, वेळ बघून.' आणि वेळ बघत राहिलो.

काका रोज विचारत होते, कारण त्यांना मंगल रेकॉर्डिंग मिळालं एवढंच कळवायची. "मंगलचा काही निरोप? सोमीची पट्टी निघून आता महिना झाला असेल. एवढी गप्प कशी?" पुढच्या कार्यक्रमात सोमीने स्वतः बोलावं असं त्यांच्या मनात होतं. काय काय दिसतं ते तिने सांगावं. प्रश्नसुद्धा काढून ठेवले होते. मी म्हणायचो, "रेंज नसेल हो तिकडे." एकदा जेवताना म्हणालो, "बरी असेल, म्हणून तर गप्प आहे." मग वरून पाणी प्यायलो आणि पुढचा घास घेतला.

त्यानंतर काका महिन्याच्या रजेवर घरी गेले. त्या महिन्यात मी फोन वाजला की दचकायचो. फोन आला नाही. परतीच्या दिवशी सुभाषने त्यांना एअरपोर्टवरून आणलं. दुपारची वेळ होती. त्यांनी बॅग उघडली, नाचणीचे पापड काढले, शेवग्याच्या वाळवलेल्या पानांची पुडी काढली, सगळं ओट्यावर मांडलं. सुभाष गाडी लावायला खाली गेला. मग काका माझ्याकडे वळले.

"सोमीचा डोळा गेला," ते म्हणाले. प्रत्येक ळ जागेवर होता. "तुला कळलं होतं का?"

त्यांनी मला विचार करायला पुष्कळ वेळ दिला. ओट्याला टेकून उभे होते. चष्मा काढून हातात धरला होता आणि सरळ माझ्याकडे बघत होते. मी कितीतरी काही बोलू शकलो असतो.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढे ते एवढंच म्हणाले की त्यांनी सोमीच्या अंगणात बसून तिला सांगितलं, चूक त्यांची झाली, त्यांनी स्वतः बोलायला हवं होतं. सोमीने दोन दिवस त्यांना दारात उभं केलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी दिली. दुसऱ्या डोळ्याचं विचारायची हिंमत त्यांना झाली नव्हती. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांनी मला चहा दिला तो मी घेतला. पापडही खाल्ला.

त्यानंतरही दर शुक्रवारी त्यांनी एसी बंद केला, फ्रिज बंद केला, दुलई ओढली. मला म्हणाले, "तू बाहेर बसून वेळ बघ. दहा मिनिटं झाली की दारावर टकटक कर." मी टकटक करत असे. आत ते आता सोमीला हाक मारत नसत.

काही महिन्यांत त्यांच्या दुकानात बाहेरून तयार काचा यायला लागल्या आणि मागच्या खोलीतल्या कारागिराची गरज संपली. "खलास," काका म्हणाले, मंडईतून आल्यावर भाजी संपली म्हणतात तसं. घासकामाचे दोन दगड त्यांनी कापडात गुंडाळून बॅगेत घातले. ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी मला ऑफिसात मीटिंग होती. मीटिंग होती हे खरं, पण ती मी टाळू शकलो असतो. सुभाष एकटाच त्यांना सोडून आला. संध्याकाळी माझ्याकडे बघून म्हणाला, "लई वेळ मागं वळून बघत होते वो. कुणाची वाट बघत होते काय की."

हे होऊन दोन वर्षं झाली. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मी त्याच फ्लॅटमध्ये आहे. मोलकरणीच्या खोलीत आता सुभाष सुटे भाग ठेवतो. निवेदनाला मला अजून बोलावतात. मी कामाची सबब सांगतो.

जव्हारकडचं ते केंद्र आता मोबाइलच्या ॲपवरही ऐकता येतं. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा लावलं. काका होतेच. आता ते केंद्रातच बसून बोलतात. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्यांच्यासोबत एक बाई बोलत होती. आवाज मी लगेच ओळखला. दोन वर्षं शिव्या ऐकल्या होत्या त्या आवाजाच्या. मला अर्धंच समजत होतं, तरी समजलं. सोमी आपल्या गेलेल्या डोळ्याची गोष्ट सांगत होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, एकेक दिवस. मग दुसऱ्या डोळ्याची, जो तिने नंतर स्वतः मंगलकडे जाऊन कापून घेतला आणि ज्याने ती आता बघते. मग काका म्हणाले, बायांनो, तिची चूक नव्हती, चूक आमची होती. आमच्याकडून सांगायचं राहिलं.

आमची म्हणाले. नाव घेतलं नाही.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली शाळेच्या बसमधून पोरं उतरत होती. मग आत येऊन काकांना फोन लावला.

"अरे, दोहा!" ते ओरडले. "कसा आहेस? पालेभाज्या?"

"काका," मी म्हणालो, "मला माहीत होतं. सोमीबाईंचं. तुम्ही रजेवर जायच्या आधीपासून. मंगलने मला कळवलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"हो," ते म्हणाले.

"हो म्हणजे?"

"मंगलने मला सांगितलं होतं. मी घरी पोहोचलो त्याच दिवशी."

म्हणजे ओट्यापाशी उभे होते तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. माझं रेकॉर्डिंग, काढून टाकलेला बाजार, लपवलेला निरोप, जेवताना केलेलं ते बोलणं, सगळं.

"मग मला विचारलंत कशाला?"

"वाटलं, सांगशील."

मी परत गॅलरीत आलो.

"थांब," काका म्हणाले. "आम्ही केंद्रातच आहोत. सोमी इथे बसली आहे. तिच्याशी बोल."

"काका, नको. मी नंतर..."

पण फोन हातातून गेला होता. कुणीतरी तो उलटा धरला असावा, खरखर झाली, मग नीट धरला.

"कोन?"

"मी... तुमच्या ऑपरेशनच्या वेळी रेडिओवर मराठीत बोललो होतो ना, तो मी."

"तो साहेब?"

"हो."

"तुझा कायबी समजला नव्हता मला."

माझ्या तोंडाशी शब्द येत होते. दिलगीर, खेद, अनवधान. शाळेपासून पाठ केलेले सगळे. मी ते एकेक करून मागे लोटले. मग फार थोडे शब्द उरले.

"मावशी, माझं चुकलं. काका तुम्हाला सांगत होते, बाजाराची वाट बघू नको. ते मी काढून टाकलं. तुमचा डोला माझ्यामुळे गेला. मला कळलं, तरी मी लपवलं."

पलीकडे ती कोंबडी पुन्हा ओरडली.

"हां," ती म्हणाली. "आता समजलं."

आणि फोन काकांना न देता तिने बंद केला.